पाचारण आणि पगार

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव नागपूरहून औरंगाबादेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आहे. इथून पूर्वेला निघाले की कारंजामार्गे नागपूर लागते, पश्चिमेला निघाले की मेहकर, सिंदखेडराजा आणि पुढे जालना. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती सेवाकार्याचे दोन निरनिराळे नमुने एकोणिसाव्या शतकात या वाटेच्या दोन टोकांना उभे राहिले. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. त्यांनी शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये टाकळघाट-बोरीच्या परिसरात ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले. दुसऱ्या टोकाला, जालन्यात, १८६०च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री येऊन राहिले. ते मराठीत वाढलेले, मुंबईत शिकलेले ब्राह्मण घरातले गृहस्थ होते. मंडळ्यांमधून तरुणांना पाचारणाबद्दल सांगताना पहिली गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, दुसरी क्वचित. त्यामुळे सेवेला निघणे म्हणजे समुद्र ओलांडणे, आणि आपल्याला पाठवणारी, पगार देणारी, बंगला बांधून देणारी संस्था आधी असणे, अशी समजूत मुलांच्या मनात घट्ट बसली आहे. या भागाचा इतिहास वेगळे सांगतो. इथे काम टिकले ते इथल्या तरुणांनी आपल्या जबाबदारीवर उचलले तेव्हा. आणि जिथे त्याला नोकरीचे रूप आले, तिथे ते पैसा आटल्याबरोबर मंदावले. म्हणूनच आजच्या वऱ्हाडी ख्रिस्ती तरुणाने कोणी पाठवील याची वाट पाहत बसू नये, असे माझे म्हणणे आहे.

नारायण शेषाद्रींची हकिगत आधी नीट पाहू, कारण तरुणांच्या पाचारणाबद्दलचा सर्वांत अवघड प्रश्न तिच्यातच आहे. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. तो जेमतेम बारा वर्षांचा होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्यात मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. हा वाद बहुतेक पुस्तकांत जांभेकरांच्या धैर्याचे उदाहरण म्हणून येतो, आणि ते खरेही आहे. पण ख्रिस्ती वाचकाने त्यातून स्वतःसाठीही काही घेतले पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाच्या निर्णयाला निर्णय म्हणता येत नाही. त्या बापाची तक्रार रास्त होती आणि न्यायालयाचा निकालही रास्त होता. थोरल्या भावाचे तसे नव्हते. तो वयात आलेला होता, शिकलेला होता, आपण काय गमावतो आहोत हे त्याला दिसत होते, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षे तो त्या निर्णयाला चिकटून राहिला. पाचारणाची भाषा म्हणूनच सज्ञान तरुणांशी बोलावी, शाळकरी पोरांशी नव्हे. शिबिरात रडवून हात वर करायला लावलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला आपण ‘वाहून दिलेला’ म्हणतो, तेव्हा १८४३ची ती चूक पुन्हा करत असतो.

जालन्याला आल्यावर शेषाद्रींनी केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. निजामाच्या राज्यात, इंग्रजी छावणीच्या आधाराने उपदेश करत राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी आसपासच्या खेड्यांकडे, मुख्यतः मांग समाजाकडे वळायचे ठरवले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिथे शेती होती, शाळा होती, उपासनेची जागा होती. जातीने ब्राह्मण जन्मलेला माणूस मांगवाड्यातल्या कुटुंबांबरोबर एका गावात राहतो, ही गोष्ट त्या काळच्या मराठवाड्यात कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठी होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. तिथेही ते आपला फेटा-अंगरख्याचा वेश सोडून गेले नव्हते, आणि परत आले ते जालन्यालाच. स्कॉटलंडच्या फ्री चर्चची मदत त्यांना होती, हे खरे. तरी कामाची आखणी, माणसांची निवड, मोकळ्या माळावर गाव वसवण्याची कल्पना त्यांची स्वतःची होती.

वऱ्हाडात चित्र थोडे निराळे झाले, आणि त्याचे एक साधे कारण रेल्वे आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा लोहमार्ग नागपूरला पोचला. कापूस त्याच मार्गाने मुंबईला जाऊ लागला आणि मिशनची ठाणीही त्याच मार्गाला धरून बसली. अकोल्यात १८८०च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर या अमेरिकन दांपत्याने काम सुरू केले, ते पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्समध्ये सामील झाले. जेनी फुलर यांनी हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालांवर लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. खामगाव, अमरावती ही ठिकाणेही रूळांनी जोडलेली. वाशीमकडचा मुलूख मात्र या मार्गाच्या दक्षिणेला राहिला. तेव्हा वाशीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झाला. अशा आडबाजूच्या खेड्यांपर्यंत परदेशी मिशनरी हिवाळ्यात तंबू आणि बैलगाडी घेऊन येत, काही दिवस राहत आणि उन्हं तापायच्या आत परत जात. वर्षाच्या उरलेल्या काळात तिथे जे कोणी चालत जात, ते मराठी उपदेशक आणि बायबल-बाया असत. आठवडी बाजारात उभे राहून शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकणारे, आजाऱ्याच्या खाटेजवळ बसणारे, अक्षर शिकवणारे तेच. वऱ्हाडी बोलीत येशूची गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती त्यांच्या तोंडून.

आणि तरीही हिशेबाच्या वहीत हे लोक मिशनचे नोकर होते. नेमणूक, बदली, पगारवाढ आणि काढून टाकणे ही चारही अंगे परदेशी साहेबाच्या हाती. याचा परिणाम दोन्ही बाजूंना वाईट झाला. गावकऱ्यांच्या लेखी उपदेशक हा पैसे घेऊन बोलणारा ठरला, आणि खुद्द ख्रिस्ती घरांतून सेवा ही दहावी नापास मुलासाठी राखीव असलेली नोकरी होऊन बसली. हुशार मुलगा डॉक्टर किंवा रेल्वेत, बाकीचा मिशनमध्ये, ही वाटणी कित्येक कुटुंबांत अजून शिल्लक आहे, आणि मला ती मनापासून खुपते.

ही बेडी सगळ्यांत ठळकपणे तोडली नारायण वामन टिळकांनी. टिळकांचा विदर्भाशी संबंध जवळचा. नागपुरात ते विद्वान म्हणून राहिले, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, तिथून त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, तोच मार्ग धरला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की ती पाच वर्षे कोणी त्यांना ढकलले नाही. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवत, लिहीत, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे काम पाहत राहिले. पण १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे सगळे एका बंधुत्वात. मे १९१९ मध्ये ते वारले, दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. कोणी म्हणेल, मग तो प्रयोग फसलाच की. संस्था म्हणून पाहिले तर फसला. पण ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून पाहावे: मराठी मंडळ्या दर रविवारी जे गातात त्यातला केवढा भाग टिळकांचा आहे! अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त मराठी घरात आणायचा, हा त्यांचा आग्रह मिशनच्या कुठल्याही वार्षिक अहवालापेक्षा जास्त काळ जगला. मला एवढेच वाटते की हे त्यांनी पंचविशीत, तिशीत करायला मिळायला हवे होते. पगार सोडण्याचे धैर्य छप्पन्नाव्या वर्षी दाखवावे लागले, हा त्या व्यवस्थेचा दोष होता.

तरुण वयात हे करता येते का, या शंकेला उत्तर महाराष्ट्रातच आहे. १८६३ मध्ये कोल्हापुरात एका अमेरिकन मिशनरी घरात रॉबर्ट वाइल्डर जन्मले. १८८६च्या उन्हाळ्यात, नुकते पदवीधर झालेले असताना, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे जमलेल्या सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांना त्यांनी बहिणीच्या प्रार्थनेच्या आधाराने साद घातली. शंभर जणांनी परदेशात सेवेला जाण्याची तयारी लिहून दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीतून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सुमारे वीस हजार तरुण जगभर गेले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या तरुण मिशनरी चळवळीमागचा एक माणूस पंचगंगेकाठी जन्मलेला होता. पण त्याहून जवळचे उदाहरण केडगावचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळानंतर त्यांच्या केडगावच्या मुक्तीसदनातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. १९०५ मध्ये रमाबाईंनी या मुलींना विचारले की शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस जणी उभ्या राहिल्या. ज्यांना पाच-सात वर्षांपूर्वी दुष्काळी छावणीतून उचलून आणले होते, त्या. त्यांच्याजवळ घर नव्हते, हुंडा नव्हता, पाठीमागे कुठल्या मोठ्या संस्थेचे नेमणूकपत्र नव्हते. त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, सेरामपूरला राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन झाली. तिच्यामागचे व्ही. एस. अझरया ३१ वर्षांचे होते, के. टी. पॉल २९ वर्षांचे, आणि तिचा नियम होता की माणसे हिंदी, पैसा हिंदी, कारभार हिंदी. एकाच वर्षात मुक्तीच्या अंगणातल्या मुली आणि सेरामपूरच्या ग्रंथालयातले पदवीधर एकाच निष्कर्षाला आले, हा योगायोग मला लहान वाटत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप असा की मिशन म्हणजे गरिबाला धान्य, औषध, शाळा दाखवून धर्म बदलायला लावणे. हा आक्षेप झटकून टाकणे अप्रामाणिकपणा ठरेल. दुष्काळात अनाथालयांत आलेली मुले ख्रिस्ती वातावरणातच वाढली, हे खरे आहे. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्या वेळी वऱ्हाड त्याच राज्यात होता, राजधानी नागपूर होती. म्हणजे अकोला-वाशीमकडच्या ख्रिस्ती माणसांच्या दृष्टीने हा कुठल्या दूरच्या राज्याचा अहवाल नव्हता. १९५६ मध्ये आलेल्या त्या अहवालाने मिशनरींवर कडक टीका केली. तिच्यातल्या बऱ्याच निष्कर्षांशी माझे पटत नाही. पण एक शिफारस मला वारंवार विचारात पाडते: भारतीय मंडळ्यांनी परकीय आधारावर अवलंबून न राहता एकत्र, स्वतंत्र व्हावे. हे तर १९०५च्या सेरामपूरचे आणि १९१७च्या टिळकांचे म्हणणे! विरोधकाच्या तोंडून ते ऐकावे लागले, याचा खेद आपण करावा. पण ते खरे आहे म्हणून ते अमलात आणावे. परकीय पैशाशिवाय, शेजाऱ्याच्या दारात, शेजारी म्हणून जाणाऱ्या तरुणावर आमिषाचा आरोप टिकत नाही, कारण त्याच्या हातात आमिष म्हणून द्यायला काही नसतेच.

याच आक्षेपाचे दुसरे टोक असे की गरीब माणसाला धर्मात काही कळत नाही, तो पोटासाठीच बदलतो. हे विधान १४ ऑक्टोबर १९५६ ने कायमचे खोटे ठरवले. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, वऱ्हाडातल्या गावागावांतून माणसे गेली, आणि त्यांना कोणी पोतेभर ज्वारी दिलेली नव्हती. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ज्या मंडळ्यांनी जात आपल्या बाकांवरून घालवली नाही, त्यांनी याची कारणे स्वतःकडे शोधावीत. पण विदर्भातला दलित माणूस धर्माचा निर्णय विचाराने, पदरमोड करून घेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले. त्याच्या विवेकावर जो विश्वास आंबेडकरांनी ठेवला, तोच विश्वास सुवार्ता सांगणाऱ्याने ठेवला पाहिजे: सांगावे, आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. कायदाही इथेच उभा आहे. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. काही ख्रिस्ती वक्त्यांना हा निकाल जाचतो. मला त्यात सुवार्तेचीच मर्यादा दिसते, कारण मन बदलणे हे सांगणाऱ्याचे काम ख्रिस्ती शिकवणीनुसारही नव्हे. किंमतही लपवू नये. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या जातीची सवलत मिळत नाही. ज्याला हे सांगायचे धैर्य नाही, त्याने बाप्तिस्म्याचे बोलू नये.

दुसरा आक्षेप घरातून येतो, आणि तो आईवडिलांचा असतो. मुलाला शिकवले, कर्ज काढले, आता तो सेवेला जातो म्हणतो. आम्ही खायचे काय? हा प्रश्न अविश्वासातून आलेला नाही, त्याला श्लोकाने उत्तर देऊ नये. खुद्द पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरले, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. पाचारण आणि पगार यांना एकत्र बांधण्याची सवय मिशनच्या काळाने लावली. ती सोडली की वाट मोकळी होते. परिचारिका, कृषी पदवीधर, शिक्षक, बँकेतला कारकून, कोणीही आपल्या नोकरीच्या तालुक्यात सेवक होऊ शकतो, एवढी एक अट पाळून की सरकारी खुर्चीचा किंवा रुग्णाच्या अगतिकतेचा वापर उपदेशासाठी करायचा नाही. ज्यांना पूर्णवेळ निघायचे आहे त्यांचा भार मंडळीने उचलावा. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हापासून विदर्भातल्या मुलांना शिक्षणासाठी दूर जावे लागते आणि शिकलेली मुले बहुधा शहरातच राहतात. त्यांना परत आणायचे तर पुण्याच्या फीबरोबर परतल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांच्या भाकरीचीही सोय स्थानिक मंडळ्यांनीच केली पाहिजे.

तिसरा आक्षेप तरुणाच्या स्वतःच्या मनातला: पाचारण झाले आहे हे मला कसे कळावे? कुठला आवाज ऐकू आला नाही, दर्शन झाले नाही. वर सांगितलेल्या माणसांकडे पुन्हा पाहा. टिळकांना गाडीत एक पुस्तक मिळाले आणि ते वाचायला लागले. मुक्तीच्या तीस जणींना एका बाईने प्रश्न विचारला. माउंट हर्मनच्या शंभर जणांना फक्त आपली तयारी लिहून द्यायची होती. कोणाकडेही पुढच्या तीस वर्षांचा नकाशा नव्हता. समोर एक गरज होती आणि ती पाहून उठण्याची तयारी होती. वाशीममध्ये ती गरज दिसायला दुर्बीण लागत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या मदतयोजनेत विदर्भातले शेतकरी आत्महत्यांचे जे सहा जिल्हे घेतले गेले त्यांत वाशीम आहे. २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशीम आहे. कर्त्या पुरुषाच्या मागे राहिलेल्या बाईला सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब करून देणारे, तिच्या मुलीला बारावीपर्यंत शिकत ठेवणारे, आणि विचारले तर आपण कोणावर विश्वास ठेवतो हे न लाजता सांगणारे कोणी तरी इथे राहायला हवे आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी आपल्या पाळकांकडे यंदाच जावे, दोन-तीन जणांनी मिळून किन्हीराजाच्या त्या हमरस्त्यावरचे एक गाव निवडावे, आणि पुढचा खरीप तिथे काढावा. पटले नाही तर परत यायला बस आहे. पटले तर त्याच गावात भाड्याने खोली बघायला आणि मंडळीपुढे खर्चाचा कागद मांडायला दिवाळीपर्यंतचा वेळ पुरतो.